काळा तांदूळ आणलाय, आता याचं काय करू?

जवसचटणी (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, आज एका धान्य प्रदर्शनातून काळा तांदूळ घेऊन आले. एक किलो, २८० रुपये. घरी एचएमटी (रोजचा पांढरा तांदूळ) येतो तो साठच्या आसपास, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. विकणाऱ्या मुलाने बाबांकडे बघून एका दमात सांगितलं, "काका, अँटीऑक्सिडंट! शुगर, बीपी, कॅन्सर, गुडघे, सगळ्यावर." गुडघे म्हटल्याबरोबर बाबांनी पाकीट काढलं.

बाबा ६९ वर्षांचे. १२ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. मूळचे भंडाऱ्याकडचे, त्यामुळे दोन्ही वेळा भात लागतोच. पोळ्या कितीही खाल्ल्या तरी भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही त्यांना.

तर संध्याकाळचा प्रयोग असा. नेहमीच्या सवयीने तीनदा खळखळून धुतला. पहिलं पाणी जांभळं, दुसरं जांभळं, तिसरंही जांभळंच. तिथेच मनात आलं, रंगवलेला दिसतो. तरी कुकरला लावला, तीन शिट्ट्या दिल्या. झाकण उघडलं तर वर काळ्या मारबतीच्या रंगाचं पाणी आणि खाली खडे. बाबांनी दोन घास चावून पाहिले आणि म्हणाले, "हे गुडघ्यांसाठी नाही, दातांसाठी आहे."

आता सांगा, फसले का मी? खरा असेल तर धुण्यात आणि कुकरमध्ये त्याचा गुण शिल्लक राहतो का? शुगरला खरंच बरा असतो का? आणि एक वेगळीच शंका: पाकिटावर "पारंपरिक" लिहिलंय, पण आमच्या गावाकडे पिढ्यानपिढ्या धानाचीच शेती, तिथे काळा भात खाल्लेला कुणी मला आठवत नाही. मग ही परंपरा कुणाची?

---

तर्री_एक्स्ट्रा | रविवार, रात्री १०:०५

२८० रुपयांत दोन माणसांचं सावजी झालं असतं ना ताई. गुडघ्याचं माहीत नाही, नाक मात्र मोकळं झालं असतं.

(गंमत केली. वाचून राहिलो, जाणकारांनी लिहा.)

---

परीक्षानळी | रविवार, रात्री १०:५०

पाणी जांभळं झालं म्हणून फसलात असं मुळीच समजू नका. खऱ्या काळ्या तांदळाचा रंग पाण्यात उतरतोच. तो रंग म्हणजे अँथोसायनिन, मुख्यतः सायनिडिन-३-ग्लुकोसाइड, आणि ते पाण्यात विरघळतं. जांभळाने जीभ रंगते ती याच कुळातल्या द्रव्यांमुळे.

घरच्या घरी बघायचं असेल तर तांदूळ तासभर भिजवा आणि ते पाणी दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. अँथोसायनिन असेल तर लिंबाची वाटी लालगुलाबी होईल, सोड्याची निळसर-हिरवट. बहुतेक कृत्रिम खाद्यरंग लिंबाला अशी दाद देत नाहीत.

पण नुसत्या लिंबावर निकाल देऊ नका, कारण दुसऱ्या कशाचा नैसर्गिक रंग चढवला असेल तरी लिंबू हेच दाखवणार. म्हणून दाणाही बघा. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा अंकुर मिलमध्ये उडून जातो, त्या टोकाला दाण्याला खाच दिसते. रंगवायला घेतात तो हाच तांदूळ. बिनपॉलिशच्या दाण्यावर अंकुर शाबूत असतो. नखाने खरवडलं की पापुद्र्याइतकाच काळा थर निघतो, आत दाणा पांढराच. आणखी खात्री हवी असेल तर मूठभर दाणे ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस ठेवा. फार जुना नसेल तर मोड येतो. रंगवलेल्या पांढऱ्या तांदळाला काय मोड येणार!

लाल तांदळाला मात्र ही लिंबाची परीक्षा लावू नका. त्याचा रंग वेगळ्या द्रव्याचा, प्रोअँथोसायनिडिनचा. सोप्या भाषेत चहात, कच्च्या सुपारीत जो तुरटपणा असतो त्या टॅनिन घराण्यातला. तो लिंबाने असा झटकन बदलत नाही.

---

जवसचटणी | सोमवार, दुपारी १:१५

परीक्षा पास! भाचीने केली, तिची सुट्टी सार्थकी लागली. लिंबाची वाटी रसनाच्या सरबतासारखी, सोड्याची मोरपंखी. अंकुरही दिसला भिंगातून. मोडाचं फडकं बाबांनी देवघराशेजारी ठेवलंय, येताजाता उघडून बघतात.

म्हणजे तांदूळ खरा, चुकले मी. बाकीच्या प्रश्नांचं काय?

---

बांधीवरून | सोमवार, संध्याकाळी ७:३०

ताई, नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातला धानवाला. चार एकर धान हाये, त्यातली एक एकर तीन सालापासून काळ्याची. तुमची शेवटची शंका मले लय आवडली, म्हणून लिहून रायलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे लाल दाना म्हणजे मान नाही, डाग. बांधीत मूळ धानासंगं करगा, म्हंजे रानटी धान, उगवते. निंदाच्या वेळी तो धानासारखाच दिसते, ओळखूच येत नाही. लोंबी आली का मग समजते, पण तवरिक तो पिकून झडून जाते, आन पुढच्या साली पुन्हा हजर. त्याचा दाना लाल. मिलवर माल नेला आन त्यात लाल दाने दिसले का मिलवाला तोंड वाकडं करते. सरकारी खरेदीच्या तांदळाच्या नियमातही लाल दाना खोटीतच मोजतात, १०० मागं ३ च्या वर चालत नाही. माझ्या बापानं जनमभर लाल दाना वेचून फेकला. आता शहरातून मानसं येतात आन इचारतात, "भाऊ, लाल तांदूळ आहे का?" बाप असता तर हसून मेला असता.

छत्तीसगडात या करग्यावर एक युक्ती केली होती. रायपूरच्या कृषी विद्यापीठानं जांभळ्या पानाचं धान काढलं, श्यामला नावाचं. बांधीत जांभळं ते धान, हिरवं ते करगा, उपटा सरसकट. पान जांभळं, बरं का. दाना काळा पाहिजे तर ते निराळं.

पण ऋषिपंचमीले आमची आजी तोच फेकलेला दाना शोधत फिरे. त्या दिवशी बैलाच्या मेहनतीचं खायचं नाही ना. मग तलावाच्या काठानं आपोआप उगवलेलं देवधान झोडून आने, उखळात कांडे. त्याचा भात तांबूस. म्हणजे सालातून एक दिवस देवाचा, बाकी ३६४ दिवस करगा.

आता काळ्याचं सांगतो. रोवनी बाकीच्या धानासारखीच. पन झाड उंच होते, पान्याचा झपाटा आला का लोळते. एकरी माल एचएमटीच्या निम्म्याच्या थोडा वर. आन खरी अडचन बांधीत नाही, मिलमधी हाये. दहा मिलवाले फिरलो. म्हनतात, तुझं दोन पोतं दळायसाठी मी मशीन खोलू, साफ करू, आन मंग मागच्याच्या पांढऱ्या तांदळात काळे दाने निघाले तर शिव्या कोन खाईल? पयल्या साली एकानं घेतलं, तर सवयीनं पॉलिशच मारून देल्लं. काळ्याचा झाला करडा. सारा पैशाचा भाग गेला कोंड्यात, आन कोंडा ठेवून घेतला त्यानंच! तवापासून घरच्या जात्यावर भरडतो, बायको आन मी.

नुसतं टरफल काढलं तर क्विंटलमागं तांदूळ जास्त पडते. पॉलिशच्या तांदळाचा सरकारी हिशेब १०० किलोले ६७ किलो, बिनपॉलिशचा ७५ च्या वर जाते. हमीभाव सामान्य धानाले २०२५-२६ चा २३६९ रुपये क्विंटल, काळ्याले हमीभाव नाही. म्हनून तुमचे २८० आइकून मले राग नाही आला. माझ्या हातात किती येते तो इचार मनात आला फक्त.

---

महालातला_मालवणी | सोमवार, रात्री ९:२०

बांधीवरून भाऊ, वाचताना अंगावर काटा आला. पण "लाल दाणा म्हणजे डाग" हे तुमच्या धानपट्ट्यातलं. आमच्या कोकणात लाल तांदूळ हाच घरचा तांदूळ होता, पांढरा पाहुण्यांचा. पटणी, मुणगा, वालय ही नावं ऐकली तरी मला आजीच्या चुलीचा वास येतो. उकडा तांदूळ, त्याची पेज, वर खोबऱ्याचा तुकडा आणि लोणच्याची फोड. नागपुरात येऊन २२ वर्षं झाली, अजून गावाहून पोतं येतं. आता तर रत्नागिरीच्या शिरगाव केंद्राने रत्नागिरी ७ नावाचं लाल दाण्याचं सुधारित वाणही काढलंय.

काळ्याची परंपरा खरी मणिपूरची. तिथल्या चाक-हाओला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो चिकट असतो, त्याची खीर करतात. केरळात पालक्काडकडची लाल दाण्याची नवरा (ञवरा) आयुर्वेदिक उपचारांत वापरतात, तिलाही मानांकन आहे. तेव्हा ताई, पाकिटावरचं "पारंपरिक" खोटं नाही, फक्त तुमच्या घराण्याचं नाही.

एक सावधगिरी. आपल्याकडे नावात "काळं" आहे म्हणून फसू नका. नगरच्या अकोले भागातला काळभात घ्या: टरफल काळं, आत सुवासिक पांढरा तांदूळ. चव झकास, पण या धाग्यातली द्रव्यं त्यात शोधू नका. टरफल कुणी खात नाही.

---

परीक्षानळी | सोमवार, रात्री ११:१०

भाऊ, तुमच्या आजीच्या देवधानात सगळी गोष्ट आलीय.

रानटी धानाचा दाणा मुळात लालच. माणसाने वेचून वेचून पांढरा केला. २००६ साली हे जनुकाच्या पातळीवर दाखवलं गेलं: लाल रंग चालू करणाऱ्या आरसी नावाच्या जनुकातली डीएनएची १४ अक्षरं गळाली आणि दाणा पांढरा पडला. आज जगात खाल्ल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या पांढऱ्या तांदळात तीच १४ अक्षरं गायब आहेत. पुढे असंही दिसलं की हेच जनुक बीला झोपवून ठेवतं, म्हणजे दाणा झडला तरी लगेच उगवत नाही, जमिनीत वाट बघत पडतो. तुमचा करगा दरवर्षी परत का येतो त्याचं एक कारण हे. काळ्या रंगाची कथा वेगळी, तो काला४ नावाच्या जनुकातल्या उलथापालथीतून आला आणि माणसाने मुद्दाम जपला.

आता ताईंचा कुकर. कॅलिफोर्नियातल्या काळ्या तांदळावर २००९ साली एक नेमका अभ्यास झालाय. सायनिडिन-३-ग्लुकोसाइड कुकरमध्ये ७९.८ टक्के घटलं, इलेक्ट्रिक राइस कुकरमध्ये ७४.२, आणि गॅसवर साध्या भांड्यात ६५.४ टक्के. कुकर सर्वात वाईट खरा, पण बाकीचेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत.

(विनोद नकळत झाला. धुतलेल्या तांदळाचं तर आणखीच जातं.)

मात्र गेलं म्हणजे हवेत विरलं असं नाही. त्याच अभ्यासात प्रोटोकॅटेच्युइक आम्ल २.७ ते ३.४ पट वाढलेलं दिसलं. अँथोसायनिन मोडून जे तयार होतं त्यातलं हे एक, आणि तेही ऑक्सिडीकरणाला अटकाव करणारंच. शिवाय पोटात गेल्यावरही अँथोसायनिन तुटतंच. २०१३ साली ८ पुरुषांना खुणेचा कार्बन घातलेलं ५०० मिलिग्रॅम सायनिडिन-३-ग्लुकोसाइड दिलं आणि रक्त, लघवी, श्वास तपासले. शोषलं गेलं ते १२ टक्क्यांच्या आसपास, तेही बहुतांशी तुकडे झालेल्या रूपात. कुकर निम्मं काम आधीच उरकतो म्हणायचं.

तेव्हा व्यवहार इतकाच: एकदाच, हलक्या हाताने धुवा. रात्रभर भिजवा. ज्या पाण्यात भिजवला त्याच पाण्यात शिजवा. पेज काढून मोरीत ओतलीत तर २८० तले दोनशे मोरीत गेले.

---

उलटतपासणी | मंगळवार, सकाळी ८:४५

सगळे भारावलेत, म्हणून थोडं पाणी ओततो. जांभळं नाही, साधं.

"अँटीऑक्सिडंट" हा शब्द परीक्षानळीतून ताटात येता येता फार बदलतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने एकेकाळी पदार्थांच्या अँटीऑक्सिडंट ताकदीची यादीच संकेतस्थळावर ठेवली होती, ओरॅक नावाची. २०१२ साली त्यांनीच ती काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या ते पाकिटावर छापत सुटल्या होत्या. विकणारे अजूनही त्याच धर्तीचे आकडे सांगतात.

दुसरं, जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीन या अँटीऑक्सिडंटच्या गोळ्यांचा प्रयोग झाला, निकाल १९९४ चा. फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. गोळी आणि भात एक नव्हेत हे मान्य. पण "अँटीऑक्सिडंट म्हणून कॅन्सरवर" हे वाक्य त्या दिवसापासून संपलं, असं माझं मत.

काळ्या तांदळावर माणसांवरचे प्रयोग आहेत का? आहेत. चीनमध्ये हृदयविकाराच्या ६० रुग्णांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला, २००७ साली छापून आला. दाह दाखवणारे रक्तातले काही घटक कमी झाले. पण त्यांना भात दिला नव्हता! काळ्या तांदळाच्या रंगद्रव्याचा अर्क दिला होता, रोज १० ग्रॅम. प्रदर्शनातला मुलगा हे सांगत नाही.

आणि जांभळंच खायचं असेल तर जूनमध्ये बर्डीवर जांभळं मिळतात. वांग्याचं साल आहे, लाल कांदा आहे. तुमच्या २८० रुपयांत महिन्याचं वांगं येईल.

---

तर्री_एक्स्ट्रा | मंगळवार, सकाळी ९:०२

वांग्याचं साल! म्हणजे लग्नातली वांग्याची भाजी हा माझा आरोग्य कार्यक्रम होता तर. बायकोला हा प्रतिसाद वाचायला देतो.

---

ओपीडी_नंतर | मंगळवार, रात्री १०:३०

उशिरा लिहितेय, दवाखाना आत्ता आटपला.

ताई, बाबांच्या बाबतीत रंगापेक्षा कोंडा जास्त कामाचा. लाल, काळा किंवा साधा बिनपॉलिश, तिघांतही तंतू, ब जीवनसत्त्वं आणि तेल कोंड्यात असतात. हे जगाला कळलं ते कोंबड्यांमुळे. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या दशकात दिसलं की पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट दिला की बऱ्या होतात. बेरीबेरीचा उलगडा तिथून सुरू झाला. १९२९ चं नोबेल त्यांना हॉपकिन्स यांच्यासोबत मिळालं.

शुगरचं म्हणाल तर चेन्नईत जाड्या लोकांवर केलेल्या छोट्या अभ्यासात पांढऱ्याऐवजी बिनपॉलिश भात दिल्यावर २४ तासांतली साखरेची चढण सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसली. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, २०१० सालच्या, रोजच्या पांढऱ्या भातातला ५० ग्रॅम भाग बिनपॉलिशचा केल्यास मधुमेहाचा धोका १६ टक्क्यांनी कमी असल्याचं अनुमान निघालं. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. असा भात खाणारा माणूस बाकीचंही नीट खातो, चालतो, हे त्यात मिसळलेलं असतंच.

पण तांदूळ हा तांदूळच. १०० ग्रॅम कच्च्या काळ्या तांदळातही सत्तरच्या वर ग्रॅम कर्बोदकंच आहेत. माझ्याकडे एक काका आले होते, "मॅडम, आता काळा खातो म्हणून दोन वाट्या जास्त घेतो." त्यांची शुगर सांगत नाही. बाबांना शिजलेला एक वाटी, सोबत भरपूर वरण, भाजी, काकडी. आधी भाजी-वरण, मग भात. आणि गोळी तांदळाच्या भरवशावर कमी करायची नाही, हे जाडजूड अक्षरात वाचा.

आणखी एक गैरसमज रोज ऐकते: "लाल तांदळात लोह, रक्त वाढतं." लाल रंगाचा लोहाशी काहीही संबंध नाही. उलट ते टॅनिन आणि कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह शोषायला आडवं येतं. ज्या बायांचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर आहे त्यांनी लाल भातावर विसंबू नये. ताटात लिंबू घ्यावं, जेवणाला लागून चहा घेऊ नये, आणि डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी खावी. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत, त्यांनी तर "रक्त वाढवणारं" म्हणून काहीही मनाने सुरू करू नये.

गुडघ्यांबद्दल: वजन दोन किलो कमी झालं तर गुडघे आभार मानतील. तांदूळ कुठलाही चालेल.

---

महालातला_मालवणी | बुधवार, दुपारी १२:१०

डॉक्टरताई, उकड्याचं राहिलं. पांढऱ्या उकड्यात सुद्धा ब जीवनसत्त्वं साध्या पांढऱ्यापेक्षा जास्त असतात ना?

---

ओपीडी_नंतर | बुधवार, दुपारी २:४०

हो. टरफलासकट उकडताना कोंड्यातला थायमिन (ब१ जीवनसत्त्व) आत दाण्यात जातो, म्हणून नंतर पॉलिश केलं तरी बराच टिकतो. भंडारा-गोंदियात उसन्याच्या (म्हणजे उकड्याच्या) एवढ्या मिल आहेत, पण नागपुरात घरोघरी अरवाच (न उकडलेला) लागतो. उसना म्हटलं की लोक नाक मुरडतात, "रेशनचा वास येतो" म्हणे.

---

जवसचटणी | शनिवार, रात्री ८:५५

दुसरा प्रयोग झाला, सविस्तर लिहिते.

शुक्रवारी रात्री एकदा धुऊन भिजवला. आज सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात त्याच पाण्यात मंद आचेवर, झाकण ठेवून. एकास अडीच पाणी, पाऊण तास लागला. गॅस किती गेला विचारू नका. पण शिजला! दाणा फुटून आतलं पांढरं किंचित दिसतं, चावताना काजूच्या सालासारखी खमंग चव. वास चक्क भाजलेल्या मक्याच्या कणसासारखा.

मग मला उगाच हुरूप आला आणि त्याचा गोळाभात केला. तो करू नका. बेसनाचे गोळे जांभळट-राखाडी झाले, सणाच्या दिवशी कुणाला वाढता येणार नाही असे दिसत होते. वरून हिंगाचं गरम तेल घातल्यावर चव बरी लागली, पण भात मोकळाच राहतो, गोळा कुस्करला तरी एकजीव होत नाही. वडाभाताचा विचार तिथेच सोडला. त्यापेक्षा खीर छान होते. उरलेल्यात दूध, गूळ, वेलची घालून केली. गूळ गॅस बंद करून घातला, नाहीतर दूध फाटतं. रंग जांभळा. भाचीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. बाबांना दोनच चमचे दिले, मग वाटी उचलून ठेवली.

रोजच्यासाठी जमलं ते असं: एक भाग काळा, दोन भाग एचएमटी. काळा आधी अर्धा शिजवून मग त्यात एचएमटी टाकायचा, नाहीतर एक कच्चा आणि एक गिळगिळीत. सगळाच भात जांभळट होतो. बाबांनी वरण, लिंबू घेतलं तर कडेने गुलाबी व्हायला लागला. म्हणे, "ताटातच प्रयोगशाळा उघडली."

बाबांनी ग्लुकोमीटर लावला. गेल्या शनिवारी दुपारी साध्या भातानंतर दोन तासांनी २१२ होती, आज १८६. घरात पेढे वाटायचे बाकी आहेत.

मोडाचं फडकं: दहापैकी सहा दाण्यांना मोड आला.

---

उलटतपासणी | शनिवार, रात्री ९:३०

अभिनंदन, पण एक विचारतो. गेल्या शनिवारी भात किती वाट्या होता?

---

जवसचटणी | शनिवार, रात्री ९:३४

...दोन. आज एक. बरं बरं, कळलं.

---

परीक्षानळी | रविवार, सकाळी १०:००

उलटतपासणी साहेब, घरातला आनंद मोजायला यंत्र नसतं, जरा दमाने घ्या. पण मुद्दा बरोबर आहे. ताई, एकच वाटी साधा भात देऊन, बाकी ताट तेच ठेवून, तीन-चार दिवस मोजा. मग काळा तसाच. एका आकड्यावर काही ठरत नाही.

अजून एक घरगुती गोष्ट. भात थंड झाला की त्यातलं काही पिष्ट पचायला अवघड रूपात जातं. एका अभ्यासात पांढऱ्या भातात हे १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम होतं. २४ तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर १.६५ झालं. आकडा लहान आहे, चमत्कार नाही, पण फोडणीच्या भाताला इतकी वर्षं उगाच नावं ठेवली. मात्र नागपूरच्या मे महिन्यात रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी खाऊ नका. त्यात वाढणारा जंतू असा आहे की त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिजमध्ये ठेवा, तोही लवकर.

---

इतवारी_किराणा | रविवार, दुपारी ४:२०

दुकानदार म्हणून दोन शब्द. बिनपॉलिशचा माल मी ठेवत नाही, कारण टिकत नाही. कोंड्यात तेल असतं, उन्हाळ्यात दोन महिन्यांत खवट वास येतो आणि सोंडे तर पहिल्या आठवड्यात. पांढऱ्याला बोरिक पावडर चोळून वर्षभर ठेवतात तसं याला करू नका, याला तीनदा धुता येत नाही हे वर आलंच आहे. एक-दोन किलोच घ्या, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये. आणि घेताना भरडल्याची तारीख विचारा. कुणी सांगत नाही, पण विचारा.

---

बांधीवरून | रविवार, रात्री ८:१५

दुकानदार भाऊ बरोबर बोलले. म्हनून मी धान तसंच ठेवतो, टरफलासकट, आन मागणी आली का तेवढंच भरडतो. टरफलात असलं का सालभर टिकते.

परीक्षानळी ताई (का दादा?), एक इचारायचं होतं. मागच्या साली ऑक्टोबरात दाना भरायच्या टायमाले लय ऊन पडलं, तर काळ्याचा रंग फिका आला, तपकिरीवर गेला. गिऱ्हाईक म्हने भेसळ केली. माल तर एकाच बांधीतला.

---

परीक्षानळी | रविवार, रात्री ९:०५

ताईच. भेसळ नाही, ऊनच. दाणा भरताना तापमान जास्त राहिलं तर अँथोसायनिन कमी तयार होतं. रात्री थंड पडल्या की रंग गडद येतो. रोवणीची तारीख जरा पुढे सरकवून दाणा थंडीच्या तोंडाला भरेल असं जमतं का बघा. तुमच्या वाणाचे दिवस मला माहीत नाहीत, ते गणित सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात विचारलेलं बरं.

---

बांधीवरून | रविवार, रात्री ९:४०

सिंदेवाही आमच्याइकून दूर पडते, पन जाईन. तवरिक एक एकराचे दोन तुकडे करतो, एकाचे पऱ्हे (रोपं) पंधरा दिवस मागं टाकतो. दिवाळीनंतर दोन्ही दाने इथं फोटोत दाखवतो, मंग सांगा कोनता काळा.

आन जवसचटणी ताई, बाबा कोनत्या गावचे? भंडाऱ्याकडचे म्हनता तर धान चुरायले या एक दिवस. मोड आलेले सहा दाने फेकू नका, कुंडीत लावा.

---

जवसचटणी | रविवार, रात्री १०:१०

साकोलीकडचे आहेत. तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, तर लगेच विचारतात, "पऱ्हे कधी टाकणार म्हणाले?" कुंडी आधीच भरली आहे, गच्चीवर. मला सांगितलंसुद्धा नाही.